आधी गट ओळखा, पिंजरा नंतर: गोव्यातल्या घरात ससा, गिनीपिग, हॅमस्टर पाळताना

ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि पांढरा उंदीर दुकानात एकाच रांगेत, एकसारख्या पिंजऱ्यांत ठेवलेले असतात. सगळ्यांच्या पुढ्यात खुराकही एकाच पोत्यातला असतो. घरी आणणारा माणूस तेच पुढे चालू ठेवतो. मग काही आठवड्यांनी गिनीपिग लंगडायला लागतो, सशाच्या दाढा वाकड्या वाढून जिभेला आणि गालाला टोचतात, हॅमस्टरची जोडी एका रात्रीत एकमेकांना फाडते. यातल्या बऱ्याच प्रकरणांचं मूळ एकच असतं: प्राणी कोणत्या गटातला आहे हे न पाहता त्याला पाळलेलं असतं.

दुसरी चूक क्रमाची आहे. प्राणी आधी येतो, पिंजरा संध्याकाळी येतो, चाऱ्याचा विचार दुसऱ्या दिवशी होतो आणि डॉक्टर तो आजारी पडल्यावर शोधला जातो. हा क्रम उलटा करायचा आहे: आधी ओळख, मग डॉक्टर, जागा, पिंजरा, चारा आणि सगळ्यात शेवटी प्राणी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एकही टप्पा पुढे ढकलू नका.

## टप्पा 1: तो खरंच कृंतक आहे का, ते ठरवा

कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांचा गण. त्यांची खूण दातांत असते. वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एक जोडी, खालच्या जबड्यात एक जोडी, सुळे मुळीच नाहीत, मध्ये मोठी मोकळी जागा आणि मग दाढा. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. लहान आकार, मिशा, निमुळतं तोंड किंवा लांब शेपटी यांवरून काहीही ठरत नाही.

खरे कृंतक: पांढरा उंदीर, पाळीव रॅट (पांढऱ्या उंदराहून बराच मोठा, वेगळा प्राणी), हॅमस्टर, जर्बिल, गिनीपिग, चिंचिला, देगू. खार आणि साळिंदरही याच गणातले. गिनीपिग कृंतक नाही असं अधूनमधून वाचायला मिळतं, त्याकडे लक्ष देऊ नका. तो कृंतकच आहे.

कृंतक नसलेले, पण त्यांच्यासोबत विकले जाणारे:

- ससा. वरच्या मोठ्या दातांच्या मागे बारीक खुंट्यांसारखी आणखी एक जोडी असते. म्हणजे वर पटाशीचे दात 4. त्याचा गण वेगळा, लॅगोमॉर्फा.
- शुगर ग्लायडर. उडती खार म्हणून तो गळ्यात मारला जातो. प्रत्यक्षात तो पोटाला पिशवी असणारा, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा प्राणी आहे. खारीशी त्याचं काही नातं नाही.
- हेजहॉग. काटे पाहून साळिंदराचा भाऊ वाटतो, पण त्याचे दात कीटक खाणाऱ्याचे आहेत. तो घरात फिरणाऱ्या चिचुंद्रीला जवळचा. चिचुंद्रीसुद्धा उंदीर नव्हे.
- फेरेट. पाणमांजराच्या कुळातला, पक्का मांसाहारी. ससा किंवा उंदीर असलेल्या खोलीत त्याला आणू नका. त्याच्या नुसत्या वासानेही ते घाबरतात.

गण कळला की काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं दाढांवर ठरतं, आणि हीच गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. रॅट, उंदीर आणि हॅमस्टर यांचे फक्त पटाशीचे दात वाढतात, दाढा वाढत नाहीत. गिनीपिग आणि चिंचिला यांच्या दाढाही जन्मभर वाढतात. सशाच्याही वाढतात, तो कृंतक नसला तरी. म्हणून चाऱ्याच्या बाबतीत गिनीपिग हा हॅमस्टरपेक्षा सशाच्या पंगतीला बसतो, आणि जीवनसत्त्व क च्या बाबतीत पुन्हा सशापासून वेगळा होतो. पिंजऱ्यात लाकडाचा ठोकळा टाकला की दातांचा प्रश्न मिटला, हा समज इथेच चुकतो. ठोकळा कुरतडून पटाशीचे दात झिजतात. दाढा झिजायला तासन्‌तास गवत रवंथल्यासारखं चघळावं लागतं.

घेण्याआधी ही माहिती कागदावर उतरवा:

- ससा: दाढा वाढतात. सोबत हवी. आयुष्य 8 ते 12 वर्षं.
- गिनीपिग: दाढा वाढतात. किमान दोन हवेत. आयुष्य 5 ते 8 वर्षं.
- सीरियन हॅमस्टर: दाढा वाढत नाहीत. एकटाच ठेवायचा. आयुष्य 2 ते 3 वर्षं.
- रॅट: दाढा वाढत नाहीत. एकाच लिंगाची जोडी हवी. आयुष्य 2 ते 3 वर्षं.
- पांढरा उंदीर: दाढा वाढत नाहीत. माद्या एकत्र राहतात, प्रौढ नर भांडतात. आयुष्य दीड ते 2 वर्षं.

चिंचिला आणि जर्बिल या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. चिंचिला अँडीज पर्वतातल्या थंड कोरड्या हवेचा प्राणी आहे. 27 अंशांच्या वर त्याला उष्माघात होऊ शकतो. गोव्यात वर्षभर, रात्रंदिवस एसी चालवायची तयारी नसेल तर तो आणू नये. जर्बिल वाळवंटी आहे, आपल्या दमट हवेत त्याची लव तेलकट होऊन चिकटते.

सावधान. रानातला ससा, झाडावरून पडलेलं खारीचं पिल्लू किंवा शेकरू घरी ठेवायचं नाही. हे वन्यजीव आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 त्यांना लागू होतो. जखमी पिल्लू मिळालं तर हवेशीर खोक्यात सुती कापडावर ठेवा, तोंडात दूध घालू नका आणि वनखात्याला कळवा.

## टप्पा 2: डॉक्टर आधी शोधा

कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशाचा अनुभव असतोच असं नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, यांपैकी जे जवळ पडेल तिथे फोन करून थेट विचारा: ससे किंवा गिनीपिग तुम्ही पाहता का? त्यांना भूल देता का? शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायला सांगता का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर महत्त्वाचं. ससा आणि गिनीपिग उलटी करू शकत नाहीत आणि त्यांचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं. रात्रभर उपाशी ठेवा असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर शोधा.

याच वेळी 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. हे प्राणी आजार लपवतात; वजन मात्र लपत नाही.

## टप्पा 3: घरातली जागा ठरवा

गोव्यातल्या जुन्या घरात पहिला विचार बाल्कांवाचा, म्हणजे पुढच्या दारातल्या उघड्या ओसरीचा, किंवा मागच्या पडवीचा येतो. दोन्ही जागा चुकीच्या. मे महिन्यात तिथे दुपारची झळ लागते, जूनपासून तिरप्या पावसाचे शिंतोडे येतात, आणि रात्री मांजर, उदमांजर, धामण यांना वाट मोकळी असते. चिऱ्यांच्या घरात पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात, म्हणून पिंजरा आतल्या भिंतीशी ठेवा, तोही भिंतीपासून वीतभर लांब.

- उन्हाचा थेट पट्टा दिवसातल्या कोणत्याही वेळी पिंजऱ्यावर येऊ नये. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिन्ही वेळा पाहून मगच जागा पक्की करा.
- पत्र्याखालची खोली किंवा मंगलोरी कौलांखालचा माळा नको.
- स्वयंपाकघर नको. फोडणीचा धूर त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाही.
- डासांची कॉइल, अगरबत्ती आणि धूप त्याच खोलीत लावायचे नाहीत. रॅट आणि उंदरांना श्वसनाचे आजार लवकर होतात.
- टीव्ही आणि स्पीकर दुसऱ्या खोलीत ठेवा.

पिंजरा स्टँडवर असेल तर चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांवर हाच उपाय करा. मुंग्या मारायचा खडू किंवा पावडर पिंजऱ्याच्या आसपासही नको, त्यात कीटकनाशक असतं.

तपासणी. ठरलेल्या जागी प्राण्याच्या उंचीवर तापमापक आणि आर्द्रतामापक आठवडाभर ठेवा. दुपारी 3 वाजता तापमान नियमित 28 अंशांच्या वर जात असेल तर ती जागा ससा आणि गिनीपिगसाठी नाही.

## टप्पा 4: पिंजरा आणि अंथरूण

दोन गिनीपिगना किमान 120 × 60 सेंटिमीटरची सपाट जमीन लागते. उंची त्यांच्या कामाची नाही, ते चढत नाहीत. सशाला पिंजरा फक्त निवाऱ्यापुरता. दिवसातले बरेच तास त्याला खोलीभर पळायला मिळालं पाहिजे, आणि विजेच्या वायरी त्याआधी नळीत घातलेल्या हव्यात, कारण तो त्या हमखास तोडतो. रॅटना उंच, मजल्यांचा पिंजरा आवडतो. हॅमस्टरला खोदायला 15 ते 20 सेंटिमीटर जाड अंथरूण आणि धावायला भरीव पट्टीचं चाक हवं. सीरियन हॅमस्टरसाठी चाकाचा व्यास निदान 20 सेंटिमीटर, मोठ्या जनावराला 28. धावताना पाठ कमानीसारखी वाकत असेल तर चाक लहान आहे. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो.

पिंजऱ्याचा तळ जाळीचा नको. ससा आणि गिनीपिगच्या तळपायांना जाळीवर जखमा होतात, त्या चिघळतात आणि महिनोन्‌महिने भरत नाहीत. आणलेल्या पिंजऱ्याचा तळ जाळीचाच असेल तर त्यावर प्लायवूड आणि वर जाड कापड घाला.

गजांमधलं अंतर बघून घ्या. बटू हॅमस्टर आणि उंदरासाठी 6 ते 7 मिलिमीटर, सीरियन हॅमस्टरसाठी 1 सेंटिमीटर. ससा किंवा गिनीपिग असलेल्या खोलीच्या खिडकीला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी मारा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी मांजर वाकवतं.

अंथरुणासाठी लाकूड गिरणीतला भुसा फुकट मिळतो म्हणून आणला जातो. आणू नका. त्याची बारीक धूळ नाकात जाते, आणि पाइन किंवा देवदाराच्या भुशातली सुगंधी तेलं श्वसनमार्गाला व यकृताला त्रास देतात. काथ्याही नको, त्याचे धागे हॅमस्टरच्या पायाला गुंडाळून रक्तपुरवठा तोडतात. कागदाच्या पट्ट्या, कागदी पेलेट किंवा धुता येणारं फ्लीसचं कापड वापरा. ओला कोपरा रोज, पूर्ण अंथरूण आठवड्याला एकदा आणि पावसाळ्यात दोनदा बदला. पिंजऱ्याजवळ वाकल्यावर लघवीचा झणझणीत वास आला, तर तुम्हाला येण्याआधीच तो त्यांच्या फुप्फुसांत गेलेला आहे.

## टप्पा 5: चारा साठवा, प्राणी येण्याआधी

### ससा आणि गिनीपिग

आहारातला निदान 80 टक्के वाटा गवताचा. वाळवलेलं टिमथी गवत ऑनलाइन किंवा मोठ्या दुकानांत मिळतं. महिन्याचा साठा आधी आणून ठेवा. ताज्यात हरळी आणि नेपियर गवत चांगलं. भाताचा पेंढा स्वस्त मिळतो, पण तो गवताची जागा घेत नाही. त्यात पोषण फार कमी असतं. लपायला, खेळायला टाका, जेवण म्हणून नको.

गवत कुठून कापता याला महत्त्व आहे. रस्त्याकडेचं गवत, तणनाशक मारलेल्या काजूबागेतलं गवत, कुत्री फिरतात त्या मैदानातलं गवत चालणार नाही. सत्तरीच्या रानालगत राहत असाल तर रानातलं गवत आणि पाचोळा घरात आणूच नका. त्यातून गोचीड येतात, आणि माकडताप गोचिडांमुळेच पसरतो. ताजं गवत धुऊन, पंख्याखाली निथळवून द्या. पावसाळ्यात कापून ढीग घातलेलं गवत काही तासांत आतून तापतं आणि आंबतं. असं गवत पोटात गेलं की पोट फुगतं.

गवताशिवाय:

- पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या: सशाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त 25 ग्रॅम, गिनीपिगला साधारण 20 ग्रॅम.
- पाला: कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, सलाडची पानं. तांबडी भाजी आणि पालक कधीतरी, थोडे. त्यात ऑक्झलेट जास्त असतं. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर, म्हणून तीही बेतानेच.
- गाजर: सशाचं मुख्य अन्न नाही. आठवड्यातून दोनदा अंगठ्याएवढा तुकडा पुरे.

आता गिनीपिगची खास गोष्ट. माणसाप्रमाणेच त्याचं शरीर जीवनसत्त्व क तयार करू शकत नाही. दर किलो वजनामागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम बाहेरून द्यावं लागतं. न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, तो चालायचं टाळतो. सुरुवातीला जे लंगडणं सांगितलं ते बहुधा हेच. रोज 25 ते 30 ग्रॅम ढबू मिरची, लाल मिळाली तर उत्तम, किंवा 10 ते 15 ग्रॅम पेरू द्या. पेरूत साखर असते, म्हणून ढबू मिरची रोजची आणि पेरू अधूनमधून.

इथे हमखास होणाऱ्या चुका. सशाचे पेलेट गिनीपिगला घालणं ही पहिली. त्यात जीवनसत्त्व क घातलेलं नसतं, कारण सशाला ते लागत नाही. गिनीपिगचे पेलेट घेतानाही बनवल्याची तारीख बघा; उत्पादनापासून सुमारे 3 महिन्यांत त्यातलं जीवनसत्त्व बरंच कमी होतं, आपल्या उकाड्यात आणखी लवकर. जीवनसत्त्व क चे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकणंही फारसं उपयोगी नाही, उजेडात ते काही तासांत निकामी होतं. आणि पाव, पोई, भात, बिस्किट, चणाडाळ यांपैकी काहीही ससा-गिनीपिगला नको. पिठूळ अन्नाने आतड्यातले जंतू बिघडतात आणि गवत खायची सवय सुटते.

### हॅमस्टर, रॅट, उंदीर

यांना धान्य आणि थोडं प्रथिन दोन्ही लागतं. सीरियन हॅमस्टरला दिवसाला सुमारे 10 ग्रॅम, प्रौढ रॅटला 15 ते 20 ग्रॅम कोरडा आहार. सोबत काकडीचा काप, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. सूर्यफुलाच्या बियांवर त्यांना वाढवू नका; ते आधी बियाच वेचून खातात आणि लठ्ठ होतात. बटू हॅमस्टरना मधुमेहाचा धोका असतो, त्यांना फळ देऊच नका. हॅमस्टर गालाच्या पिशव्यांत अन्न भरून साठवतो, म्हणून ओली भाजी त्याच्या साठ्यातून रोज काढून टाका. आपल्या हवेत तिला रात्रभरात बुरशी येते.

कोणालाही द्यायचं नाही: कांदा, लसूण, कच्चा बटाटा, चॉकलेट, कच्चं अळू आणि पावसात परसात उगवणारं तेरं, घाणेरी, कण्हेर, धोतरा.

## टप्पा 6: प्राणी निवडणं आणि नर-मादी पाहणं

पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. 2018 चे पेट शॉप नियम तसं सांगतात. प्रमाणपत्र दाखवायला सांगा आणि पावती घ्या. दुपारी जाऊ नका. हॅमस्टर दिवसा झोपतो, त्याची तब्येत संध्याकाळीच कळते.

पाहायचं ते एवढं: डोळे स्वच्छ, नाक कोरडं, बूड कोरडं आणि स्वच्छ, लव सलग, चाल सरळ. पुढचे दात एकमेकांवर नीट बसलेले. रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी तांबडी खपली दिसली तर ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. तरी ती ताणाची किंवा आजाराची खूण आहे, तो घेऊ नका. मुठीत मावणारा ससा बटू जातीचा म्हणून दाखवला तर सावध व्हा. तो बहुधा आईपासून फार लवकर तोडलेलं पिल्लू असतो. 8 आठवड्यांच्या आतला ससा घेऊ नये.

नर-मादीबाबत दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, पहिल्या आठवड्यातच डॉक्टरकडून खात्री करा. गिनीपिगचा नर 3 आठवड्यांचा होताच माद्यांपासून वेगळा करावा लागतो, हॅमस्टरची पिल्लं 4 आठवड्यांना आणि रॅटची फार तर 5 आठवड्यांना. गिनीपिगची मादी 6-7 महिन्यांनंतर प्रथमच गाभण राहिली तर धोका मोठा असतो. तोवर तिच्या कमरेच्या हाडांचा सांधा घट्ट झालेला असतो, आणि पिल्लं तर अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून, चांगली मोठी जन्मतात. ती अडतात. वय माहीत नसलेल्या मादीजवळ नर ठेवूच नका.

ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवायचे नाहीत. सशाची एक लाथ गिनीपिगचा कणा मोडू शकते. शिवाय सशाच्या श्वासमार्गात बॉर्डेटेला नावाचा जंतू त्याला त्रास न देता राहतो, आणि तोच गिनीपिगला न्यूमोनिया करतो.

## टप्पा 7: पहिले 14 दिवस

1. पहिले दोन दिवस हात लावू नका. पाणी, गवत, लपायला खोकं द्या आणि खोली शांत ठेवा.
2. दुकानातला खुराक आठवड्याभराचा मागून आणा. नवा खुराक रोज थोडा वाढवत 7 ते 10 दिवसांत बदल पूर्ण करा. एकदम बदललात तर जुलाब ठरलेले.
3. घरात आधीचा प्राणी असेल तर नवा 3 आठवडे वेगळ्या खोलीत. आधी जुन्याचं काम करा, मग नव्याचं, मग हात साबणाने धुवा.
4. रोज एकाच वेळी वजन करा. दोन आठवड्यांनी हे आठवड्यातून एकदा पुरे.
5. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. सशाला कानांना धरून कधीच उचलू नका, रॅटला शेपटीला धरून नको. मागचे पाय अधांतरी राहिले तर ससा झटका देतो आणि त्यात त्याचाच कणा मोडतो.

ससा आणि गिनीपिग आपली मऊ लेंडी थेट बुडाशी तोंड नेऊन खातात. ही विकृती नाही, त्यांच्या पचनाचा तो भागच आहे. थांबवू नका.

## टप्पा 8: मे, पावसाळा आणि सण

एप्रिल-मे. ससा आणि गिनीपिग घामाने अंग थंड करू शकत नाहीत, त्यामुळे पंख्याने तुम्हाला मिळतो तसा गारवा त्यांना मिळत नाही. 1 लिटरच्या दोन बाटल्या फ्रीजरमध्ये कायम गोठवून ठेवा, कापडात गुंडाळून पिंजऱ्यात आडव्या ठेवा. सोबत ओली करून गार केलेली लादी. पाण्याच्या दोन जागा असू द्या. मान्सूनपूर्व वादळांत वीज तासन्‌तास जाते, तेव्हा या बाटल्याच कामी येतात.

तोंड उघडं टाकून श्वास, लाळ, तापलेले लाल कान, लोळागोळा होऊन पडणं हा उष्माघात आहे. कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करा, ओल्या कापडावर ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानेच जातो.

जून ते सप्टेंबर. गोव्यात या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. वाळलं गवत हवाबंद डब्यात भरू नका, आत ओल कोंडते. कापडी पिशवीत, जमिनीपासून उंच टांगून ठेवा. करडे डाग किंवा कुबट वास आला तर सगळं फेका, वरचा थर काढून खालचं वापरू नका. पेलेटचा डबा मात्र घट्ट झाकणाचा हवा, कारण पावसात घरात शिरलेले रानउंदीर त्यावर मुततात आणि लेप्टोस्पायरोसिस तसाच पसरतो.

अंगावर गोल टक्कल पडून खवले दिसले तर नायट्यासारखी बुरशी धरा. ती माणसाला लागते, हातमोजे घाला.

पावसाळ्यात सशाचं बूड सकाळ-संध्याकाळ उलटून पाहा. ओल्या, घाण बुडावर माशी अंडी घालते आणि दिवसभरात किडे पडून मांस खाऊ लागतात. एक जरी किडा दिसला तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

सण. दिवाळीत नरकासुराच्या रात्री बहुतेक वाड्यांवर पहाटेपर्यंत स्पीकर आणि फटाके चालतात. त्या संध्याकाळी पिंजरा रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या खोलीत न्या, जाड चादर तीन बाजूंनी टाका, लपायची जागा दुप्पट करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाल्लं का ते आधी बघा. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जाताना प्राणी प्रवासात नेऊ नका. शेजाऱ्याला रोज दोनदा यायला सांगा आणि गवत-पेलेटच्या मोजून वेगवेगळ्या पिशव्या करून द्या. हॅमस्टरसुद्धा एका दिवसावर एकटा सोडायचा नाही.

## टप्पा 9: आजार ओळखणं आणि औषधातला धोका

ससा किंवा गिनीपिगने 12 तास खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ती तातडीची वेळ आहे. उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही. हनुवटी ओली दिसणं, घास उचलून खाली टाकणं, फक्त मऊ पाला खाणं यांवरून दाढा वाढल्याचा संशय धरा. पुढचे दात ठीक दिसले म्हणून खात्री मानू नका. दाढा खास उपकरण घालूनच दिसतात. वाढलेले दात घरी नेलकटरने कापू नका, दात मुळापर्यंत उभा चिरतो.

औषधाबद्दल सगळ्यात मोठी सूचना ही. पोटात दिलेली पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन ही प्रतिजैविकं ससा, गिनीपिग आणि हॅमस्टरचा जीव घेऊ शकतात. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि त्यांच्या विषाने प्राणी काही दिवसांत जातो. रॅट आणि उंदीर ही औषधं सहन करतात. एका गणातल्या दोघांना एकच औषध चालेल असंही म्हणता येत नाही, ते यामुळेच. घरातल्या मुलाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप किंवा फार्मसीतून विचारून आणलेली गोळी कधीही देऊ नका.

गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला विषारी आहे. कुत्र्याला ते लावलं असेल तर सुकेपर्यंत दोघांना एकमेकांजवळ जाऊ देऊ नका.

प्राणी चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या लशीसाठी डॉक्टरकडे जा. रॅट चावल्यावर काही दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर चावल्याची तारीख डॉक्टरला न विसरता सांगा.

पिंजऱ्याच्या दाराला एक कार्ड बांधा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: प्राण्याचं नाव आणि गट, वय, शेवटचं वजन, डॉक्टरचा फोन, न चालणारी औषधं. तुम्ही घरात नसताना त्याला दवाखान्यात नेणारा शेजारी हे कार्ड दारावरून काढून सोबत घेऊन जाईल.